नोरीनबाईंची इर्जिक

ऑक्टोबरात एक दिवस बिल्डिंगवाले हीटिंग सुरू करतात. कोणी आधी सांगत नाही. सकाळी चहा टाकावा तर भिंतीच्या तळाशी बसवलेला हीटर टकटक करू लागतो आणि उन्हाळाभर त्याच्यावर साठलेली धूळ तापून घरभर जळकट वास सुटतो. मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, तो वास अजिबात सोसत नाही. तो खिडक्या सताड उघडतो आणि थोड्या वेळाने कुडकुडत मलाच विचारतो, "खिडकी कोणी उघडली?" माझं मात्र त्या वासाने हातातलं काम सुटतं. समोर नदी असते, पलीकडे मॅनहॅटन असतं, जर्सी सिटी जागच्या जागी असते, आणि मी दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात जाऊन पोचलेली असते. एका म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत. तिथेही नुकतंच हीटिंग सुरू झालेलं होतं.

त्या वर्षी मी इथे नवीन होते. पुण्यात शाळेत भूगोल शिकवत होते. इथे मला फक्त मिलिंदची बायको असण्याची परवानगी होती, तीही पासपोर्टवर शिक्का मारून. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही. सकाळी तो ट्रेन पकडून ऑफिसला गेला की घर इतकं गप्प व्हायचं की फ्रिजची घरघर ऐकू यायची. वसंत होता, झाडं मात्र ऐन फुलोऱ्यात आलेली. गुलाबी, पांढरी, जांभळी. इतकी सुंदर की बघून राग यायचा, कारण "अगं, हे बघ" म्हणायला शेजारी कोणी नसे.

मग ते ताकाचं प्रकरण झालं. बटरमिल्क म्हणजे ताक, असा माझा सरळ समज. मिलिंदचे ऑफिसातले मित्र जेवायला येणार होते, मठ्ठा करावा म्हणून मोठा कार्टन आणला, तर त्यातून आंबट, घट्ट, पांढरा लगदा पडला. त्यांच्यातल्या नागपूरच्या एकाने पेल्यात चमचा उभा करून दाखवला. "वहिनी, हे ताक नाही, सिमेंट आहे यार!" सगळे हसले, मीही हसले, पण एवढं टाकून देणं माझ्या जिवावर आलं. सोमवारी इंटरनेटवर शोधायला बसले की या पदार्थाचं करायचं तरी काय.

शोधता शोधता आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या ब्लॉगवर पोचले. नाव नोरीन. तिने बटरमिल्क आणि खायचा सोडा घालून करायच्या पावाची कृती दिली होती, आणि मधेच दटावलं होतं की पीठ फार मळू नका, पाव रुसतो. मी पाव केला. बरा झाला. आभार मानायला माझ्या शाळकरी इंग्रजीत खाली चार ओळी लिहिल्या आणि आपण मूळच्या बार्शीच्या, एवढंही उगाचच लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर हजर. बार्शी कुठे आली? जवळ नदी कुठली? पाऊस किती पडतो? मला खरंच रडू आलं. अमेरिकेत आल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. आणि वर्गात इतकी वर्षं नकाशे टांगून मी आयर्लंडकडे कधी धड पाहिलंही नव्हतं. परीक्षेला न येणारा देश होता तो.

नोरीनबाई रोज लिहीत. पाऊस, कोंबड्या, चुलीतला धूर, गावात कोण गेलं, त्याला पोचवायला कोण कोण आलं. खाली प्रतिक्रिया देणारी माणसं ठरलेली होती. एक कॉर्क शहरातले गृहस्थ, सगळ्याची थट्टा करणारे. एक बॉस्टनची नर्स, तिचं नाव शीला. मला वाटलं आपली, पण ती त्यांची निघाली. आणखी कुठले कुठले आयरिश लोक, देश सोडून जगभर पांगलेले, जे रोज त्या ब्लॉगच्या ओट्यावर येऊन बसायचे. त्यांच्यात मी एकटी सोलापूर जिल्ह्याची. पण मला कोणी सरकून जागा दिली नाही असं कधी झालं नाही.

एकदा बाईंनी त्यांच्या भाषेतला एक शब्द सांगितला: मेहल. गवत कापायच्या दिवसांत सारं गाव एकाच्या शेतावर जमतं, त्याचं उरकलं की दुसऱ्याच्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. वाचता वाचता मी ताडकन उठले. ही तर आमची इर्जिक! मामाचा बैल लंगडा झाला त्या वर्षी गावातले नांगर त्याच्या रानात एका ओळीने चालताना मी पाहिले होते, आणि मामीने अंगणात पुरणपोळ्यांची चळत लावली होती. मी ते सगळं लिहिलं. बाईंना शब्द इतका आवडला की त्यांनी तो ठेवूनच घेतला. कॉर्कच्या गृहस्थांनी त्याचं "एअर जॅक" करून टाकलं ते सोडा. पण नंतर कुणाचं कुत्रं हरवलं, कुणाच्या मुलीला परक्या शहरात खोली हवी असली, की नोरीनबाई लिहायच्या, आज इर्जिक आहे. आणि लोक धावायचे. हा शब्द आमच्याकडे आता शेतातूनही हद्दपार होत चाललाय, आणि तो तिकडे अटलांटिकच्या काठावर नांदतोय, याची मला गंमतही वाटायची आणि आत कुठेतरी लागायचंही.

सप्टेंबर संपता संपता बाईंनी जे लिहिलं ते वाचून माझा चहा निवून गेला. माझा भाऊ डर्मट, त्यांनी लिहिलं होतं, तरुणपणी अमेरिकेला गेला. जर्सी सिटीत राहतो. आई गेली तेव्हा तो आला नाही. त्याच्यासाठी आम्ही दफन एक दिवस थांबवलं होतं, तरी नाही. का, ते त्याने सांगितलं नाही आणि रागाने मी विचारलं नाही. पुढे फक्त नाताळची कार्डं. गेल्या नाताळात त्याचं आलं नाही आणि माझं परत आलं. मला भांडायचं नाही. तो का आला नाही एवढंच मला कळायला हवंय, आणि तो आहे तोवर कळायला हवंय. तिथे जवळपास कोणी आहे का?

जवळपास मी होते. बाईंनी पाठवलेला पत्ता टेकडीवरच्या जुन्या वस्तीतला निघाला, चालत जाण्यासारखा. पाचोळा तुडवत गेले. खालच्या मजल्यावरच्या बाईने दार किलकिलं करून सांगितलं की म्हाताऱ्याला गेल्या नाताळाआधीच अँब्युलन्सने नेलं, कुठे ते माहीत नाही. मग खरी इर्जिक पडली. नर्स शीलाने आसपासची सगळी हॉस्पिटलं आणि वृद्धांचे नर्सिंग होम लोकांत वाटून दिले. बॉस्टनहून, शिकागोहून, थेट कॉर्कहून फोन सुरू झाले. ते थट्टेखोर गृहस्थ आपल्या खर्चाने समुद्रापलीकडून अमेरिकन रिसेप्शनिस्टांशी हुज्जत घालत होते. माझ्या उच्चारांना फोनवर कोणी दाद देत नसे. मी आपली जवळपासच्या ठिकाणी चालत जाऊन विचारायला. शेवटी शीलालाच तो सापडला. आमच्या घरापासून बसने थोड्याच अंतरावर.

नर्सिंग होमच्या खोलीत नाकाला नळी लावलेला एक लांबरुंद माणूस खिडकीशी बसला होता. जन्मभर घरं रंगवली होती त्याने. फुप्फुसं रंगाने खाल्ली होती.

"चर्चकडून आलीस?" त्याने विचारलं.

"नाही. इंटरनेटवरून."

"ते कुठे आलं?"

मी नोरीनबाईंचं नाव घेतलं. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि मी उठेपर्यंत परत वळवलं नाही. सेलफोन पुढे केला तर हातानेच नको म्हटलं. पण निघताना म्हणाला, "पुन्हा आलीस तर तिच्याबद्दल बोलू नकोस. बाकी काहीही बोल." मी त्याला मनात डर्मटकाका म्हणू लागले होते. तोंडाने एकदा अंकल म्हटलं तर खेकसला, मी कुणाचा अंकल नाही. तरी मी म्हणत राहिले. नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना.

मी जात राहिले. शिऱ्याचा डबा न्यायची, तो चमच्याच्या टोकाने खायचा. हीटर टकटकायचा, धूळ तापायची, खाली मेपलची पानं पार्किंगमधल्या गाड्यांवर पडायची. आम्ही पावसावर बोलायचो. पाऊस हा विषय त्यालाही पुरायचा, मलाही.

एकदा उठताना मी सवयीने म्हणून गेले, "ओके अंकल, आय अ‍ॅम कमिंग." येते मी. आपल्याकडे जाताना "जाते" कोण म्हणतं? पुढच्या खेपेला तिथली मदतनीस, ग्लोरिया, कमरेवर हात ठेवून दारातच उभी. मी गेल्यावर डर्मटकाकांनी दुसरा कप मागून घेतला होता आणि तो कोणाला उचलू दिला नव्हता. ती येतेय म्हणाली, असं सगळ्यांना बजावत संध्याकाळपर्यंत खुर्चीत ताठ बसून होते.

मी ओशाळले. काकांना समजावून सांगितलं: आमच्यात जातो म्हणणं अशुभ, जो निघतो तो येतो म्हणूनच निघतो. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या भाषेत निरोपाचे दोन शब्द आहेत. निघणाऱ्याने राहणाऱ्याला म्हणायचा एक, राहणाऱ्याने निघणाऱ्याला म्हणायचा दुसरा. घर सोडलं त्या दिवशी आई दारात उभी होती. मी गडबडलो. राहणाऱ्याचा शब्द माझ्या तोंडून गेला. मीच तिला निरोप दिला, जणू तीच चाललीय. लोक हसले. ती नाही हसली."

आणि त्यानंतर, मी न विचारता, त्यांनी ते सांगितलं. आई गेल्याची तार आली तेव्हा त्यांच्याकडे या देशात राहायचे कागद नव्हते. मुदत कधीच उलटून गेली होती. गेले असते तर परत येता आलं नसतं. घरी सगळ्यांना वाटत होतं, डर्मटचं बस्तान बसलंय. आपण लपून राहतो हे बहिणीला कुठल्या तोंडाने सांगणार? पुढे कायदा बदलला, कागद मिळाले. "पण तोवर," ते म्हणाले, "जायला तोंड उरलं नव्हतं." मग एकदम माझ्याकडे वळून: "हे तिला सांगायचं नाही. त्या कॉम्प्युटरवर तर नाहीच नाही."

मी शब्द दिला. दिल्याबरोबर कळलं की किती जड आहे तो.

आमच्या घरात हे दुखणं नवं नव्हतं. माझे सासरे साताऱ्यात गेले तेव्हा मिलिंदचा व्हिसा रिन्यूअलला अडकलेला होता. गेला असता तर शिक्का मिळेपर्यंत तिकडेच बसावं लागलं असतं, आणि नोकरी कोण थांबवून ठेवतं? धाकट्या दिराने अग्नी दिला. मिलिंद फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभा होता. नातेवाइकांत काय बोललं गेलं ते आमच्यापर्यंत पोचायचं तेवढं पोचलं. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. काकांचं सगळं मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने ताटातला हात तसाच ठेवला. म्हणाला, "संडेला मी येतो तुझ्याबरोबर." आला. दोघांनी टीव्हीवर बेसबॉल पाहिलं, ज्यातलं मिलिंदला ओ की ठो कळत नाही. दुपारभर कोणी कोणाशी अवाक्षर बोललं नाही. निघताना काकांनी मला सांगितलं की माझा नवरा चांगला माणूस आहे.

इकडे ब्लॉगवर माणसं खोळंबली होती. काय म्हणाला? का नाही गेला? एखादा फोटो तरी टाका. त्यांचं चुकत नव्हतं. फोन त्यांनी केले होते, भाऊ त्यांनीच शोधला होता. पण मला त्या दिवसांत प्रथमच वाटलं की माणूस शोधायला शंभर लोक लागत असतील, ऐकून घ्यायला मात्र एकच पुरतं, आणि ते ऐकलेलं परत शंभरांत वाटायचं नसतं. मी लिहायची, काका बरे आहेत, आज शिरा खाल्ला. मग एकाने, नाव न देता, लिहिलं: ही भारतीय बाई खरी कशावरून? सगळं रचून सांगत नसेल कशावरून? माझे कान तापले. अस्सल बार्शीचं उत्तर बोटांवर आलं होतं. माझ्या आधी नोरीनबाईंनी लिहिलं, "ती माझी शेजारीण आहे." बस. त्यापुढे त्या माणसाचा आवाज आला नाही.

त्याच दिवशी त्यांची मला वेगळी ईमेल आली. तू काही सांगू नयेस असं त्याने सांगितलेलं दिसतंय. मग सांगू नकोस. फक्त एवढं सांग, मी येऊ का?

काकांचं आता बोलता बोलता हरवायला लागलं होतं. मला कधी ग्लोरिया समजायचे, कधी घराचा रंग कुठला हवा म्हणून विचारायचे. मी बाईंना एकच शब्द लिहिला. या.

बाई जन्मात विमानात बसल्या नव्हत्या. कोंबड्या कोणी बघायच्या इथपासून इर्जिक सुरू झाली. कॉर्कचे गृहस्थ स्वतः गाडी घेऊन आले आणि त्यांना विमानतळावर सोडून गेले. तिथे रांगेत उभं राहून त्यांनी आयुष्यात प्रथमच एकमेकांचे चेहरे नीट पाहिले म्हणे. शीलाने बाईंच्या औषधांची सोय लावून दिली. आता लोक नव्या नव्या साइट्सवर गेलेत, तिथे एका क्लिकवर कोणीही कोणाचा मित्र होतो, आणि या सगळ्याने माणसं जोडली जातात की नुसती मोजली जातात यावर इथल्या मराठी मंडळातली वयस्कर मंडळी चहाबरोबर वाद घालतात. मी त्या वादात पडत नाही. मला कॉर्कहून पहाटे निघालेली ती गाडी दिसते.

डर्मटकाका त्या नोव्हेंबरात गेले. बाईंनी ब्लॉगवर एवढंच लिहिलं, भाऊ भेटला. खाली प्रतिक्रियांची जागा त्यांनी त्या दिवशी बंद ठेवली होती. मीही आजवर कुठे काही लिहिलं नव्हतं. या आठवड्यात हीटिंग सुरू झालं, आणि नेमकी त्यांची ईमेल आली की आता लिही, तुझ्या भाषेत लिही. मला वाचता येणार नाही, ते बरंच.

तर ती दुपार. मिलिंद आम्हाला दारात सोडून गाडी लावायला गेला होता. नोरीनबाई माझ्या खांद्यापर्यंतच होत्या. करड्या रेनकोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "आधी त्याला विचारणार आहे. मग जवळ घेणार आहे. हाच क्रम." मी मान हलवली. काका पलंगावर डोळे मिटून होते. पावलं ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि दारातल्या त्या बाईकडे पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. भीती होती ती, लहान मुलाची.

"मॅम," ते म्हणाले. तिकडे आईला मॅम म्हणतात.

नोरीनबाई जागीच थांबल्या.

"मॅम, मी विमानतळापर्यंत आलो होतो गं. बॅग घेऊन. दिवसभर बाकावर बसलो." त्यांना धाप लागली. "कागद नव्हते माझ्याकडे. तुझ्याकडे आलो असतो तर मला परत घेतलं नसतं यांनी. ते शेवटचं विमानही गेलं, मग मी उठलो. मॅम, थांबला होतात का तुम्ही माझ्यासाठी?"

विमानतळाचं मलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. आता बाई म्हणतील, अरे, मी नोरीन. असं मला वाटलं. मग त्या पुढे झाल्या, पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि त्यांनी काकांच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"नाही रे राजा," त्या म्हणाल्या. "आम्ही नाही थांबलो. मला ठाऊक होतं सगळं. निज आता."